कामासाठी कोण कुठून आलं? नाशिक जिल्ह्यातले अनुभव लिहा

मुंबई-पुण्याच्या जोडीला नाशिक घेऊन 'सुवर्ण त्रिकोण' म्हणायची पद्धत आहे. १९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ आलं, पुढे सातपूर, अंबड, सिन्नर. ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना. याच जिल्ह्यात पेठ आणि सुरगाणा हे गुजरात सीमेलगतचे आदिवासी तालुकेही आहेत, आणि तिथली माणसं दरवर्षी द्राक्षबागांवर उतरतात. तुम्ही कुठून आलात, काय मिळालं? धोरणावरची भाषणं नकोत, स्वतःचं लिहा.

निवृत्त टर्नर, सातपूर
मूळचा धुळ्याकडचा. आयटीआय करून चुलत्यांच्या खोलीवर आलो. तेव्हा गेटवर 'टर्नर पाहिजेत' अशी पाटी असायची, आता खोटं वाटेल. कायम झालो, सिडकोत घर झालं. आमच्या गल्लीत आजही निम्मी बोलणी अहिराणीत चालतात. धुळे, अमळनेर, चाळीसगावच्या गिरण्या बसल्या आणि सगळे इकडे सरकले. मुलगा माझ्याच धंद्यात आहे, पण ठेकेदाराकडे. काम तेच, पगार अर्ध्याहून कमी.

सुरगाणा
आम्ही याला 'जगायला जाणं' म्हणतो. भात-नागली घरात आली की मुकादमाचा फोन. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते, ती फेडायला दिंडोरीला जायचं. छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (घडातले मणी विरळ करणं), शेवटी खुडा, म्हणजे द्राक्षं काढणं. थिनिंग बायकांनीच करायचं, मान वर केलेली, दिवसभर. मुक्काम बागेच्या कडेला, प्लास्टिकखाली. पोरं सोबत नेली की शाळा सुटते, आजीकडे ठेवली तर जीव इकडे राहतो. मालक वाईट नव्हता, दवाखान्याला पैसे दिले त्याने; ते हिशोबात कापले, एवढंच.
२०२२ च्या डिसेंबरात आमच्याकडच्या सीमेवरच्या गावांनी गुजरातेत जायची मागणी केली तेव्हा नाशिकचे लोक हसले. पलीकडचा रस्ता बघून या, मग हसा.

जॉबवर्कवाला, अंबड
वरच्या सुरगाण्याच्या ताईंचं मनाला लागलं, तरी सांगतो. मी मोठ्या कारखान्यांना सुटे भाग करून देतो. सरकार तालुक्यांची वर्गवारी करतं, मागास तालुक्यात उद्योग टाकला तर सवलत जास्त. आम्हीही हिशोब मांडून पाहिला होता. पण माझा माल मोठ्या कारखान्याच्या लाइनवर वेळेत पोचला नाही तर दंड. हीट ट्रीटमेंट शेजारच्या गल्लीत, प्लेटिंग त्याच्या पुढे, टूल तुटलं तर पाच मिनिटांत दुसरं. पेठच्या घाटापलीकडे यातलं काय आहे? करमाफीने वीज टिकत नाही. सिन्नरला उद्योग गेले, कारण ते नाशिकला आणि महामार्गाला लागून आहे.

इगतपुरी
वरच्या वैतरणेचं पाणी मुंबईला. धरणासाठी जमीन आमची गेली. उन्हाळ्यात टँकरही आमच्याकडेच येतो. बाकी काय लिहू.

नाशिकरोड
सगळे नाशिकलाच का धरताय? आयटी पुण्याने नेलं, मुख्यालयं मुंबईने. आमची इंजिनिअर झालेली मुलं हिंजवडीत भाड्याने राहतात. आम्हीही कुणाचं तरी सुरगाणाच आहोत.

धागाकर्ती
शेवटचं वाक्य जमलंय, पण पटलं नाही. हिंजवडीला जाणाऱ्याने आधी उचल घेतलेली नसते.
एक भर घालते. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेष, म्हणजे कुठला भाग विकासात किती मागे राहिला ते, मोजला तो जिल्हा धरून. नाशिकची सरासरी काढताना ओझर आणि सातपूर सुरगाण्याशेजारी बसले, की सुरगाणा कागदावर पुसट होणारच. २०१३ च्या केळकर समितीने तालुका हा घटक धरला तो याचसाठी. विदर्भ-मराठवाड्याच्या भांडणात हे मागे पडतं.

फिटर, चुंचाळे
मी पेठचा. आयटीआय झालो, ठेकेदारामार्फत अंबडला लागलो. आई-वडील अजून खुड्याला जातात, मी जात नाही, एवढा फरक पडला. करार संपला की ब्रेक, मग नवा करार. गावातली काही पोरं गुजरातेत वापीला गेलीत, तिथे रोजची मजुरी जास्त आहे म्हणतात. कुणी तिथे फिटरचं काम केलं असेल तर लिहा: खोलीभाडं जाऊन हातात किती उरतं, आणि पीएफ खरंच भरतात का?