सीईटीत निगेटिव्ह मार्किंग हवं की नको? तुक्क्यावर सीट ठरणं मला पटत नाही

बारावीचा_मास्तर:
तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. एमएचटी-सीईटीला, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशपरीक्षेला, चुकीच्या उत्तराचे मार्क कापत नाहीत, तरी आमच्याकडची पोरं प्रश्न कोरे सोडून येतात. का सोडलं विचारलं तर म्हणतात, सर येत नव्हतं. बोर्डाची सवय, येत नाही ते लिहायचं नाही. आणि शहरातले क्लासवाले पहिल्या मॉकपासून सांगतात की शेवटची दोन मिनिटं राखून उरलेल्या सगळ्यांवर ठोका. म्हणजे प्रामाणिक पोरगं मागं. माझं स्पष्ट मत आहे, जेईई मेनसारखं बरोबरला 4, चुकीला वजा 1 करा.

आकडेमोड_पुणे:
सर, सहमत नाही. जेईईचंच गणित करून बघा ना. प्रत्येकी चार ऑप्शनचे चार प्रश्न डोळे मिटून मारले, सरासरी एक बरोबर म्हणजे 4 आले, तीन चुकले म्हणजे 3 गेले, तरी 1 मार्क फायद्यातच! आणि एखादा ऑप्शन कटला तर अजूनच. तुक्का खरंच तोट्या-फायद्याविना करायचा तर यूपीएससी प्रिलिमसारखे एक तृतीयांश कापावे लागतील. तुमची पोरं वजा 1 बघून आत्ता सोडतात त्याहून जास्त सोडतील, क्लासवाली तेव्हाही मारतीलच. अमेरिकेतल्या सॅट या कॉलेज प्रवेशपरीक्षेनेसुद्धा 2016 पासून वजा मार्क बंद केले.

लातूरची_आई:
मास्तरांचं बरोबर आहे. दोन मुलांना सारखंच येतं, दोघांनी गणितातले 20 प्रश्न नुसते ठोकले, एकाचे 3 लागले दुसऱ्याचे 7, दोन-दोन मार्कांचा पेपर म्हणजे 8 मार्कांचा फरक झाला आणि तेवढ्यावर कॅप राउंडला (सरकारी प्रवेशफेरीला) कॉम्प्युटर ब्रँच हातातून जाते. याला मेरिट म्हणायचं?

आकडेमोड_पुणे:
ताई, प्रश्न मुळात कशामुळे उरतात ते बघा. फिजिक्स-केमिस्ट्रीचंच घ्या, मिळून 100 प्रश्न, वेळ 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 54 सेकंद! वेळ संपली की तो भाग बंद आणि मग गणिताची 90 मिनिटं वेगळी. प्रश्न कमी करा, तुक्के आपोआप कमी होतील. वजा मार्कांनी पोरांची भीती तेवढी वाढेल.

शिफ्टचा_बळी:
तुम्ही तुक्क्यावर अडलात, इथे परीक्षा वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होते आणि पर्सेंटाइल (किती टक्के मुलं आपल्या मागे ते) त्या-त्या शिफ्टमधल्या मुलांशीच तुलना करून निघतो. 27 एप्रिल 2025 च्या सकाळच्या पीसीएमला (फिजिक्स-केमिस्ट्री-गणित गटाच्या पेपरला) गणिताचे 21 प्रश्न चुकीचे निघाले, फेरपरीक्षा घ्यावी लागली. त्या पोरांनी दुसऱ्यांदा मनाची तयारी कशी केली असेल?

बारावीचा_मास्तर:
शिफ्टचा मुद्दा मोठाच आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. आकडेमोड, प्रश्न कमी करा हे मला शंभर टक्के मान्य. पण कापायचेच नाहीत हे नाही. तुम्हीच म्हणालात एक तृतीयांशला हिशोब शून्य होतो, मग तेवढे कापा आणि हे सूचनांच्या पानावर मराठीत उदाहरणासकट लिहा, की एक ऑप्शन नक्की चूक वाटला तर मारणं फायद्याचं आहे. क्लासला हजारो रुपये मोजून कळणारी गोष्ट फुकटात सगळ्यांना कळू दे.

आकडेमोड_पुणे:
पानावर लिहा हे आजच्या नियमातही करता येईल, "एकही प्रश्न कोरा सोडू नका" एवढं ठळक लिहिलं की झालं. वजा मार्कांना माझा विरोध कायम.

लातूरची_आई:
मग नशिबाचं काय? सगळ्यांनी ठोकलं तरी कुणाचे 3 आणि कुणाचे 7 लागणारच ना.