मदत हवी: ई-क्लासात जुन्या लष्करी विमानांचे सांगाडे सापडलेत, शनिवारी भंगारवाला येतोय

नमस्कार मंडळी,

वेळ कमी आहे म्हणून प्रश्न आधी. आमच्या गावच्या ई-क्लास (म्हणजे सरकारी) जमिनीत दोन जुन्या लष्करी विमानांचे सांगाडे पडलेत. भंगारवाल्याने गावातल्या दोघांना इसार दिलाय, शनिवारी टेम्पो येणार. विमानं कोणती हे कसं ओळखायचं? आणि शनिवारच्या आत कोणाला सांगितलं तर ती वाचतील?

गाव यवतमाळ जिल्ह्यात, याहून जास्त पत्ता देत नाही, उगाच जत्रा भरेल. आमच्या वावराच्या धुऱ्याला लागून मुरमाची लांबच लांब सपाट पट्टी आहे. म्हातारे तिला 'इमानपट्टी' म्हणतात. आम्ही पोट्टे तिथे क्रिकेट खेळायचो आणि समजायचो की हे इमान म्हणजे कुत्र्याचं असतं ते.

यंदा मे महिन्यात कोणीतरी रायमुनियाला (घाणेरीच्या झुडपांना) आग लावली. झाडोरा जळाला आणि नाल्याकाठी पंखाचा सांगाडा उघडा पडला. माझी १४ पावलं भरली. पलीकडे शेपटाकडच्या नुसत्या कड्या. थोडं अलीकडे दुसऱ्या विमानाचं नाक आणि अर्धं मातीत रुतलेलं इंजिन.

पत्रा कुठे गेला ते घरोघरी दिसतं. आमच्याकडे अॅल्युमिनियमला 'जर्मन' म्हणतात. म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढायला आलेल्या विमानाची शेवटी जर्मनची परात झाली!

खुणा सांगतो. पंखात, ऊन न लागलेल्या बाजूला हिरवट-पिवळा रंग आहे आणि पुसट इंग्रजी शिक्का पुन्हापुन्हा मारलाय: 'अल्क्लॅड २४ एस-टी'. इंजिनाला सिलिंडरच्या दोन रांगा, पुढच्या रांगेत सात. एक काटेवाली डायल मिळाली, तिच्यावर मुकुट आणि खाली 'ए एम'. शिवाय गावातल्या निम्म्या गुरांच्या कोठ्यांची फाटकं एकाच जातीच्या भोकाभोकाच्या लोखंडी पाट्यांची आहेत. आमची मोजली: १० फूट लांब, सव्वा फूट रुंद, ८७ भोकं.

नव्वदीतले आबाजी म्हणतात, "लढाई सरली अन् गोरे निंगून गेले. इमानं तशीच उभी. आमी त्याच्या चाकाले बकऱ्या बांधो."

माझा अंदाज लिबरेटर बॉम्बरचा. युद्धानंतर कानपूरला ब्रिटिशांनी टाकून दिलेली, मुद्दाम मोडून ठेवलेली लिबरेटर विमानं बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि आपल्या हवाई दलाने ती १९६८पर्यंत उडवली, हे वाचल्यापासून डोक्यात तेच आहे. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद १

भाऊ, मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर (विमानाच्या सांगाड्याचा कारागीर) होतो. विमान राहू द्या, ती डायल आत्ता कुठे आहे?

धागाकर्ता

भाच्याकडे. घड्याळ म्हणून खेळतो. अंधारात चमकत वगैरे नाही.

प्रतिसाद १

चमकत नाही म्हणून गाफील राहू नका. त्या काळच्या डायलींचे आकडे किरणोत्सारी रेडियमच्या रंगाने काढत. त्यातला चमकणारा झिंक सल्फाइड काही वर्षांत मरतो, पण रेडियमचं अर्धआयुष्य १६०० वर्षं आहे. काच फोडू नका, उघडू नका, खरवडू नका. आत्ताच काढून घ्या, जाड पिशवीत बंद करून डब्यात घाला आणि घराबाहेर, पोरांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. पोराचे हात साबणाने धुवा. नंतर अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवा. भंगारात तर मुळीच देऊ नका. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली भंगारात किरणोत्सारी कोबाल्ट-६० आला आणि एक माणूस गेला. तुमची वस्तू त्यामानाने फारच किरकोळ, पण सवय एकच.

आता विमान. मुकुट आणि 'ए एम' म्हणजे ब्रिटिश एअर मिनिस्ट्री. 'अल्क्लॅड' हा शिक्का मात्र अमेरिकन अॅल्युमिनियम पत्र्याचा. म्हणजे अमेरिकेत बनलेली, ब्रिटिशांनी वापरलेली विमानं असावीत. सात आणि सात चौदा सिलिंडर हे ट्विन वास्प इंजिनाशी जुळतं, पण लिबरेटर आणि डाकोटा (माणसं-सामान वाहणारं विमान) दोन्हीला तेच होतं, तेव्हा त्यावरून निकाल लागणार नाही. आबाजींना एवढंच विचारा: विमान आडवं, समतल उभं होतं की शेपूट जमिनीला टेकलेलं? लिबरेटरला नाकाखाली चाक असतं.

पाट्या धावपट्टीच्याच. कडांवरच्या हुकांनी एकमेकींत अडकवून अंथरायच्या, एकेक सुमारे ३० किलोची.

प्रतिसाद २

पुरातत्त्व खात्याच्या मागे लागून दिवस घालवू नका. १९७२च्या पुरावशेष कायद्यात अशा वस्तूला १०० वर्षं लागतात, तुमची त्यात बसत नाहीत. तुमचा मुद्दा जमिनीचा आहे. ई-क्लास सरकारची, तेव्हा इसार देणारा आणि घेणारा दोघंही चोरीच करताहेत. तहसीलदारांना लेखी अर्ज द्या, तलाठ्याकडून पंचनामा मागा, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आणि नाल्यात खोदाखोद नको. काडतूस किंवा गोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना फोन.

धागाकर्ता

डायल डब्यात, डबा विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, किल्ली माझ्याकडे. भाचा रुसलाय, त्याला खरं घड्याळ कबूल केलं.

आबाजींना विचारलं. जरा विचार करून म्हणाले, "कुत्रं बसते ना, तसं बसे. बुड टेकून, थोबाड वर करून."

म्हणजे माझं लिबरेटर गेलं.

प्रतिसाद १

मग डाकोटा धरून चला. शेपटाच्या कड्यांत मध्यावर एकच उभा पंख दिसला तर पक्कं, लिबरेटरला दोन असतात. आणि वाईट वाटून घेऊ नका. २७ ऑक्टोबर १९४७ला श्रीनगरला शीख पलटणीचे पहिले जवान उतरले ते डाकोटातूनच.

धागाकर्ता

एकच आहे. आज अर्ज दिला, आवक शिक्का मिळाला, तलाठी उद्या येतो म्हणाले. भंगारवाल्याला फोन केला तर तो म्हणे इसार परत द्या, तो मी घेतलेलाच नाही!

आता एकच विचारायचं राहिलं. पंचनाम्यात आमच्या कोठ्याचं ८७ भोकांचं फाटकही धरतील का? म्हणजे तोवर म्हशींची दुसरी सोय करतो.