डाळ मिलच्या सॉर्टेक्सला दोन टॉवरचा एअर ड्रायर लावावा का?

प्रश्न (लातूर)
नमस्कार. आमच्या डाळ मिलमध्ये सॉर्टेक्ससाठी (डागी दाणे वेगळे काढणाऱ्या यंत्रासाठी) 7 बार दाबाची हवा लागते. रेफ्रिजरेटेड ड्रायर (हवा थंड करून तिच्यातले पाणी काढणारा) असूनही पावसाळ्यात लाइनमध्ये पाणी उतरते आणि हवेच्या झोताने डागी दाणा उडवणारे इजेक्टर अडकतात. विक्रेता दोन टॉवरचा डेसिकंट ड्रायर (ओल शोषणारे दाणे भरलेला) सुचवत आहे. त्यात हीटर नसताना त्याचे दाणे पुन्हा वाळतात कसे, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

उत्तर (वाळूज)
दोन्ही टॉवरमध्ये ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचे पांढरे दाणे असतात आणि त्यांच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागावर वाफ चिकटून राहते. एका टॉवरमध्ये 7 बारवर हवा कोरडी होत असताना तिच्यातलाच थोडा भाग बारीक छिद्रातून दुसऱ्या टॉवरमध्ये सोडतात. तिथे दाब वातावरणाइतका उतरल्यामुळे ती हवा सुमारे आठपट फुगते, अतिशय कोरडी बनते आणि ओल्या दाण्यांतली वाफ उचलून सायलेन्सरमधून बाहेर पडते. खरी किमया दाब सोडण्यात आहे. वाफ चिकटताना निर्माण झालेली उष्णताही याच कामी येते, म्हणून ती निघून जाण्याआधी, साधारण दर 5 मिनिटांनी, टॉवर बदलतात. बदलण्यापूर्वी वाळलेल्या टॉवरमध्ये दाब हळूहळू भरावा लागतो, नाहीतर हवेच्या धक्क्याने दाणे घासून त्यांची भुकटी होते. अशा ड्रायरमधून उणे 40 अंश दवबिंदूची हवा मिळते, म्हणजे तितकी थंड होईपर्यंत तिच्यातली वाफ साकळत नाही.

उत्तर (जालना)
वरील माहिती अचूक आहे, परंतु वाळवण्यासाठी सोडलेली हवा क्षमतेच्या सुमारे 15 टक्के असते, म्हणजे 100 सीएफएमपैकी (मिनिटाला घनफूट) 15 सीएफएम कायमची जाते आणि तिचे वीजबिल आपणच भरतो. सॉर्टेक्सला 3 अंशांचा दवबिंदू सहसा पुरतो आणि तो आपल्या सध्याच्या रेफ्रिजरेटेड ड्रायरकडून मिळायला हवा. तरीही पाणी येत असेल, तर आधी ऑटो ड्रेन (साचलेले पाणी आपोआप बाहेर सोडणारा भाग) उघडून पाहा, ड्रायरच्या कंडेन्सरवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर) बसलेली डाळीची भुकटी साफ करा आणि ड्रायरमध्ये शिरणाऱ्या हवेचे तापमान मोजा, कारण ते सुमारे 11 अंशांनी वाढले की हवेत मावणारी वाफ जवळजवळ दुप्पट होते. पुढे डेसिकंट ड्रायर घेतलाच, तर त्याच्या आधी तेल अडवणारा फिल्टर अवश्य बसवा. तेलाचा थर चढलेले दाणे कितीही वाळवले तरी पुन्हा कामाचे राहत नाहीत.

प्रश्नकर्ता (लातूर)
दोघांचेही मनःपूर्वक आभार. ऑटो ड्रेन उघडला, तो गंज आणि चिकट गाळाने पूर्ण बंद झाला होता. तूर्त खरेदी थांबवली आहे.