वसईत शाळा मराठीच होत्या
कुणीतरी लिहिलंय की कॅथलिक शाळा म्हणजे पहिल्यापासून इंग्रजी माध्यमच. निदान वसईपुरतं हे मला अजिबात पटत नाही. वसईच्या पोर्तुगीज किल्ल्यात जेझुइटांचं, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचं, कॉलेज उभं राहिलं तेव्हा इथे इंग्रजांचा पत्ताही नव्हता. १५९७ साली नागासाकीला हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया वसईच्या याच जेझुइटांकडे शिकले. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला आणि ते पर्व संपलं. पुढे गावोगावी चर्चच्या मराठी शाळा चालल्या. घरी कादोडी ही इथली बोली, वर्गात पुस्तकी मराठी. आमच्या आजीची पाटी अजून माळ्यावर आहे. चौकट झिजलेली, कोपऱ्यात खिळ्याने कोरलेला क्रूस. त्याच पाटीवर तिने 'ग म भ न' गिरवलं. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर दिब्रिटो याच मातीतले.