मदत हवी आहे : अण्णांच्या पेटीतलं पोपायचं रीळ, आणि मधेच फाटणारा पडदा

नमस्कार मंडळी,

थोडं लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळायचा नाही.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांना नाद एकच, लोकांना सिनेमा दाखवायचा. सत्तरच्या दशकात त्यांनी एक जुनं १६ मिमीचं मशीन घेतलं आणि मुंबईच्या चोरबाजारातून जमतील तशी रिळं आणली. गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगला, कधी मे महिन्यात नुसतंच देवळापुढच्या पटांगणात, दोन धोतरं जोडून शिवलेला पडदा बांधून ते खेळ करायचे. पैसे घेत नसत. गावोगावी व्हिडिओ आला तसे खेळ थांबले, मशीनही कुणीतरी घेऊन गेलं. दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले.

गेल्या महिन्यात माळा आवरताना त्यांची पत्र्याची पेटी निघाली. आत पाच डबे. चार डब्यांतल्या फिती एकमेकींना चिकटून दगड झाल्या आहेत. पाचव्या डब्यावर अण्णांच्या अक्षरात 'पोपाय – राक्षसांचे बेट' एवढंच लिहिलंय. हे रीळ उलगडतं, पण झाकण काढलं की व्हिनेगरचा इतका उग्र वास येतो की डोळ्यांत पाणी येतं.

हे कार्टून मी लहानपणी दहा-बारा वेळा तरी पाहिलंय. कृष्णधवल आहे. पोपाय होडीतून एका बेटावर जातो. तिथे उंच, केसाळ हातापायांचे, लांब नाकाचे राक्षस असतात. त्यांच्या कैदेत एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा असतो, चेहरा थेट पोपायसारखा. पोपायची मैत्रीण ऑलिव्ह नाही, वैरी ब्लुटो नाही. शेवटी तुंबळ मारामारी होते आणि ऐन रंगात असताना चित्रच फाटतं! राक्षस त्या फाटलेल्या फितीवरून खाली पडतात. मग खऱ्या माणसाचे दोन हात येतात, फितीची टोकं सेफ्टी पिनने जोडतात आणि गोष्ट पुढे चालू होते.

आई सांगते, पहिल्या खेळाला सगळं पटांगण ओरडलं होतं, "मास्तर, रीळ तुटलं!" अण्णा धावत मशीनपाशी गेले होते. पुढचं मला आठवत नाही, मी तेव्हा फारच लहान होते.

माझे प्रश्न असे. हे कार्टून नेमकं कोणतं? ते फाटणं मूळ कार्टूनमधलंच आहे, की चोरबाजारात येण्याआधी कुणी गंमत म्हणून भलताच तुकडा जोडला? सुरुवातीला 'ए. ए. पी.' अशी अक्षरं येतात, आणि मी तर वाचलंय की पोपाय पॅरामाउंट या हॉलिवुडच्या कंपनीचा. मग ही चोरटी प्रत म्हणायची का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे वाचवता येईल का? शहरातल्या एका दुकानात डिजिटल करून मिळेल का म्हणून विचारलं, तर तो ते तिथल्या तिथे मशीनवर चढवायला निघाला. दुसऱ्याने डबा उघडून वास घेतला आणि टाकून द्या म्हणाला. दोन्हीकडून रीळ परत घेऊन आले. आता ते गॅलरीत, सावलीत ठेवलंय. जुन्या फिल्म आपोआप पेट घेतात असं ऐकलंय, त्यामुळे आई घरात घेऊ देत नाही.

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, वर्णन वाचून अंगावर काटा आला. हे 'गूनलँड', १९३८ सालचं. तो दाढीवाला म्हणजे पोपायचा हरवलेला बाप, पूपडेक पॅपी. पडद्यावर तो पहिल्यांदा याच कार्टूनमध्ये आला. बापलेक दोघांचेही आवाज जॅक मर्सर या एकाच माणसाचे आहेत.

फाटणं शंभर टक्के मूळचंच. ही करामत मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या भावांच्या स्टुडिओची. यांचा कारखाना न्यूयॉर्कमध्ये, ब्रॉडवेवर. आपण जे चाललंय ते चित्र आहे, कागद-शाई-फीत आहे, हे प्रेक्षकाला दाखवून देण्याची त्यांना पहिल्यापासून आवड. मूकपटांच्या काळात त्यांचा कोको विदूषक दौतीतून बाहेर यायचा आणि खेळ संपला की दौतीत परत जायचा, आणि त्याला काढणारा हात खऱ्या माणसाचा दिसायचा. सेफ्टी पिन लावणारे हात त्याच परंपरेतले.

पोपाय मुळात वर्तमानपत्रातला. ई. सी. सेगार यांच्या चित्रमालिकेत तो १७ जानेवारी १९२९ ला अवतरला. फ्लायशरनी १९३३ मध्ये बेटी बूप या आपल्याच कार्टून-नायिकेच्या एका कार्टूनमधून त्याला पडद्यावर आणला. पोपाय तोंडातल्या तोंडात पुटपुटतो ना, त्याचीही गंमत आहे. या स्टुडिओत चित्रं आधी पूर्ण व्हायची आणि आवाज नंतर भरायचे. चित्र पाहता पाहता मर्सर मनाचं काहीतरी बडबडत जायचे, ओठ हलोत न हलोत. तीच पोपायची बोली झाली.

१९३७ मध्ये या स्टुडिओत पाच महिने संप चालला. पुढच्या वर्षी, म्हणजे तुमचं कार्टून आलं त्याच वर्षी, फ्लायशरनी सगळं बिऱ्हाड फ्लोरिडात मायामीला हलवलं. तिथे कर्ज वाढलं, भावाभावांत बिनसलं, आणि १९४२ पर्यंत त्यांची कार्टून वितरित करणाऱ्या पॅरामाउंटने स्टुडिओ ताब्यात घेऊन त्याचं नाव 'फेमस स्टुडिओज' केलं. पोपाय १९५७ पर्यंत निघत राहिला. एकूण २३१ कार्टून, त्यातली १०९ फ्लायशरांची. मला विचाराल तर खरा पोपाय त्या १०९ मध्येच आहे. नंतरच्यात मारामारी आहे, पण अंधाऱ्या गल्ल्या, गळकी घरं, ती बंदरावरची कळकट दुनिया नाही.

आता 'ए. ए. पी.'. ती चोरटी प्रत नाही. १९५६ मध्ये असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्स या कंपनीने टीव्हीसाठी पोपायची सगळी कार्टून विकत घेतली. पॅरामाउंटचं नाव आणि डोंगराचं चिन्ह कापून त्या जागी स्वतःच्या पाट्या जोडल्या आणि १६ मिमीच्या प्रती काढल्या. तुमची त्यातलीच असणार. म्हणजे चित्र १९३८ चं, पण फीत १९५६ च्या आधीची नाही.

प्रतिसाद २

मी फिल्मच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काम केलंय, म्हणून कामाचं तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट, आईंना सांगा की हे पेटणार नाही. आपोआप भडकते ती नायट्रेट फिल्म. साधारण १९५१ पर्यंत ३५ मिमीच्या फिती नायट्रेटच्या असत. पुण्यातल्या चित्रपट संग्रहालयाच्या फिती २००३ च्या जानेवारीत जळाल्या, त्याही नायट्रेटच्याच. १६ मिमी मात्र शाळा आणि घरं डोळ्यांपुढे ठेवून काढलेली, त्यामुळे ती पहिल्यापासून ॲसिटेटची, म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या प्लास्टिकची. कडेला 'सेफ्टी' असं छापलेलं सापडेल.

ॲसिटेटचा रोग वेगळा. ऊब आणि दमट हवा लागली की त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, तोच तुमचा व्हिनेगरचा वास. सुटलेलं ॲसिड डब्यात कोंडलं की सडणं आणखी जोरात होतं. मग फीत आकसते, वाकडी होते, वरचा थर सुटायला लागतो. याला उलटा उपाय नाही, फक्त वेग कमी करता येतो. तेव्हा :

गॅलरीतून आजच आत घ्या. घरातली सर्वांत थंड, कोरडी जागा बघा. गंजका डबा टाका (झाकणावरचं अण्णांचं अक्षर जपून ठेवा) आणि हवा खेळेल अशा डब्यात रीळ ठेवा. चिकटलेली चार रिळं याच्यापासून लांब. मशीनवर अजिबात चढवू नका. आकसलेल्या फितीची भोकं आणि मशीनचे दात जुळत नाहीत, दहा सेकंदांत चिंधड्या होतील. दात नसलेले, नुसत्या रुळांवर फीत सरकवणारे स्कॅनर असतात, अशी फीत त्यावरच करून घ्यायची.

चित्राची काळजी करू नका. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते, ती रंगीत प्रतींसारखी लालसर पडून उडत नाही.

कडेला कोडॅकचं नाव दिसलं तर शेजारी गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा बघा. त्यावरून फीत कोणत्या साली तयार झाली ते कळतं. खुणा दर वीस वर्षांनी पुन्हा येतात, पण '१९५६ च्या आधीची नाही' हे वर कळलंच आहे, त्यामुळे साल ठरवणं सोपं जाईल.

प्रतिसाद ३

मी नव्वदच्या दशकात टीव्हीवर पोपाय रंगीत पाहिलाय. मग कृष्णधवल प्रत कमी दर्जाची का?

प्रतिसाद १ यांचं उत्तर

उलट! पोपाय १९४३ च्या अखेरपर्यंत कृष्णधवलच होता. अपवाद फक्त सिंदबाद, अलीबाबा आणि अल्लाउद्दीन ही तीन मोठी टेक्निकलर कार्टून. त्यांच्या काही दृश्यांत तर मागचा देखावा खरा बांधलेला आहे. फिरत्या टेबलावर छोटी प्रतिकृती, तिच्यापुढे काचेत उभी धरलेली पारदर्शक चित्रं आणि समोर कॅमेरा. सिंदबादची गुहा बघाल तर आजही थक्क व्हाल.

तुम्ही टीव्हीवर पाहिलेली बहुतेक गिरवलेली. ऐंशीच्या दशकात ही मालमत्ता टर्नर या अमेरिकन टीव्ही कंपनीकडे आली आणि कृष्णधवल कार्टून दक्षिण कोरियात पुन्हा गिरवून रंगवून घेतली गेली. गिरवताना मधली चित्रं गाळली, पार्श्वभूमी सपाट झाली. मला ते पाहवत नाही.

आणि खरी कृष्णधवल फार वर्षं विकत मिळतच नव्हती. कारण सडणं नव्हे, हक्क. फिल्म एकाकडे आणि पोपाय हे पात्र वर्तमानपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्या किंग फीचर्स कंपनीकडे, त्यामुळे दोघांचं जमेपर्यंत काहीच निघेना. तोडगा २००६ मध्ये निघाला. ३१ जुलै २००७ ला पहिल्या ६० कार्टूनचा डीव्हीडी संच आला, पॅरामाउंटच्या मूळ पाट्या परत लावून. 'गूनलँड' पुढच्या संचात, २००८ मध्ये आलं. तेव्हा ताई, कार्टून सुरक्षित आहे. फक्त तुमची प्रत आजारी आहे.

प्रतिसाद ४

पुण्यात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. आधी पत्र लिहा, रिळाची लांबी आणि अवस्था कळवा. त्यांनी ठेवून घेतलं नाही तरी योग्य माणूस सुचवतील. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशनही आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रीळ आता आतल्या खोलीत, नव्या डब्यात आहे. आईची भीती गेली.

काल सुती हातमोजे घालून, पांढऱ्या चादरीवर हळूहळू उलगडलं. हाताने, मशीनशिवाय. कडेला 'सेफ्टी' आहे. कोडॅकचं नाव आणि खुणाही आहेत, त्यांचे फोटो काढलेत. भिंगातून फ्रेम बघत बघत त्या जागेपर्यंत पोहोचले. फाटणं चित्राच्या आतच आहे. पोपाय, राक्षस, फाटलेली कड, ते दोन हात, सेफ्टी पिन, सगळं फ्रेमच्या आत छापलेलं. कडेची भोकं मात्र अखंड, एकही तुटलेलं नाही.

पण त्यानंतर जेमतेम वीतभर अंतरावर एक खरा जोड आहे. पिवळा पडलेला चिकटपट्टीचा तुकडा, दोन्ही बाजूंनी कात्रीने नीट कापलेला. आईला दाखवला. ती म्हणाली, पहिल्या खेळाला लोक ओरडले तेव्हा तुझ्या अण्णांनी घाबरून मशीन झटक्यात बंद केलं, आणि तेव्हा ते खरंच फाटलं. रात्री कंदिलापाशी बसून जोडत होते. त्यानंतरच्या प्रत्येक खेळाला लोक तिथे ओरडायचे आणि अण्णा हात मांडीवर ठेवून शांत बसून राहायचे. ते मात्र मला लख्ख आठवतंय. ते पडद्याकडे बघत नसायचे, लोकांकडे बघायचे.

मला आता त्या कार्टूनची स्वच्छ प्रत नको, ती मिळेल. मला हीच प्रत, तिच्या ओरखड्यांसकट आणि त्या जोडासकट उतरवून हवी आहे. पुण्याला पत्र आजच टाकते. लॅबवाल्या दादांना शेवटचा एक प्रश्न : ती चिकटपट्टी काढावी लागेल का? तिचा डिंक कडेने पाझरलाय आणि पुढच्या दोन वेढ्यांना लागलाय.

प्रतिसाद २ यांचं उत्तर

तुम्ही हात लावू नका. ओढून काढलीत तर खालची चित्रं सोबत निघून येतील. पाझरलेला डिंक लॅबमध्येच साफ करतात. रीळ देताना डब्यावर चिठ्ठी लावा : 'जोड ठेवायचा आहे, स्कॅनमध्ये दिसला पाहिजे.' नाहीतर तो दोष समजून मधल्या फ्रेम काढून टाकल्या जातील. आणि जोडाच्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमचा भिंगातून फोटो काढून ठेवा, म्हणजे अण्णांनी तेव्हा किती फ्रेम कापल्या ते मूळ कार्टूनशी ताडून सांगता येईल.