दरी टोर्नेडोला अडवत नाही
कुणीतरी लिहिलंय की दरीतल्या गावांना टोर्नेडोची, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या वाऱ्याच्या भोवऱ्याची, भीती नसते. हा समज जीवघेणा आहे, म्हणून लिहितोय. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या टोपिका शहराचे लोक बर्नेट्स माउंड ही टेकडी टोर्नेडो अडवेल या भरवशावर होते. ८ जून १९६६ रोजी टोर्नेडो त्याच टेकडीवरून शहरात घुसला. २१ जुलै १९८७ ला तर वायोमिंग राज्याच्या डोंगराळ टेटन भागात एका टोर्नेडोने तीन हजार मीटर उंचीवरचं जंगलच्या जंगल आडवं केलं. टोर्नेडोचं बळ वरच्या गरगरणाऱ्या गडगडाटी ढगातून येतं. खालचे चढउतार त्याला सहसा थोपवत नाहीत. अमेरिकेच्या मधल्या सपाट प्रदेशात टोर्नेडो जास्त होतात, कारण मेक्सिकोच्या आखाताची दमट हवा आणि पश्चिमेची कोरडी हवा तिथे भिडते. आणि हे फक्त अमेरिकेत नाही: २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशात माणिकगंजजवळ एकाच टोर्नेडोत सुमारे १३०० माणसं गेली.