अहिराणीची पुस्तकं मराठीच्या कपाटात की वेगळी?

गिरणाकाठ
खानदेशात वाचनालयात अहिराणीचं पुस्तक आलं की डोळे झाकून ८९१.४६ टाकायची पद्धत आहे. ड्यूई दशांशात, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक द्यायच्या पद्धतीत, हा मराठी साहित्याचा क्रमांक. कवितासंग्रह ८९१.४६१त, नाटक .४६२त, कथा-कादंबरी .४६३त. लोककथा ३९८.२त, कोडी ३९८.६त, म्हणी ३९८.९त, शब्दकोश ४९१.४६३त. पन्नास पुस्तकं असली तर सात ठिकाणी पांगतात. ‘अहिराणीचं काय आहे तुमच्याकडे?’ याचं उत्तर फक्त ग्रंथपालाच्या डोक्यात असतं, आणि तो रजेवर गेला की तेही नाही.

वेगळा वर्ग हवा, असं माझं ठाम मत आहे. ग्रियर्सनच्या इंग्रजकालीन भाषा सर्वेक्षणात मराठी सातव्या खंडात आहे, खानदेशी (जिच्यात अहिराणी येते) मात्र नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली बोलींसोबत. २०११च्या जनगणनेनं खानदेशी मराठीत न धरता वेगळी मोजली, १८ लाखांवर बोलणारे. आपणच तिला मराठीच्या पोटात कशाला कोंबायची?

बोरीचा पूल
सहमत. ८९१.४६७ द्या. भाषेच्या विभागात शेवटचा ७ बोलींसाठीच असतो, नवं काही शोधायला नको.

तापीथडी
भाऊ, ७ चुकूनही देऊ नका. ४००च्या विभागात ७ बोलींचा, पण ८००मध्ये, म्हणजे साहित्यात, त्याच जागी विनोद आणि उपहास बसतो. १ कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध, ५ भाषणं, ६ पत्रं, ७ विनोद, ८ संकीर्ण. लेकीच्या सासुरवासाची कविता विनोदी लेखनाशेजारी जाऊन बसेल. उरलेला ९ कोकणीला गेलाय, ८९१.४६९. म्हणजे ८९१.४६ खाली एकही अंक मोकळा नाही.

आणि जागा असती तरी माझा विरोधच. घरगुती क्रमांक दुसऱ्या कुठल्याच कॅटलॉगशी जुळत नाही. तयार नोंद उतरवून घेतली की दरवेळी हातानं बदलायची. ग्रंथपाल बदलला की नवा माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतो, हे काय लावलंय? पुस्तक कुठल्या भाषेतलं, हे सांगणं कॅटलॉगचं काम आहे. मार्क या संगणकीय नोंदीच्या साच्यात ०४१ रकान्यात आयएसओ ६३९-३ या भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला ‘एएचआर’ हा अहिराणीचा कोड टाका, दुसरा निर्देशक ७ ठेवा, उपरकाना २ मध्ये कोड कुठल्या यादीतला ते लिहा. विषयशीर्षकात ‘अहिराणी कविता’ घाला. शोधलं की सातही ठिकाणची पुस्तकं एका यादीत येतात.

गिरणाकाठ
कोणत्या वाचनालयात येतात? ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात लहान वाचनालयात एक माणूस, एक दाखल नोंदवही, एक देवघेव रजिस्टर. संगणक असला तर टेबलावर कापड पांघरून बसलेला. तिथं वाचक कपाटासमोर उभा राहून शोधतो. तुमचा ०४१ त्याला दिसणार कसा?

अंक मोकळा नसेल तर अक्षर लावा. हे घरगुती नाही, ड्यूईनंच ठेवलेली सोय आहे: ज्या साहित्याला आपल्याकडे महत्त्व द्यायचं, त्याला अक्षर लावून सगळ्या साहित्यांच्या आधी (८१०च्याही आधी) जागा देता येते. आपण इतकंही करायला नको. मूळ क्रमांक तसाच ठेवून आधी ‘खा’ लिहायचं: खा ८९१.४६१. ‘खा’ची सगळी पुस्तकं एका कपाटात, आत क्रम नेहमीचाच. उद्या कोणाला नको वाटलं तर ‘खा’ खोडा, पुस्तक आपल्या जुन्या जागी परत.

सातपुडा उतार
‘खा’ म्हणजे नेमकं काय, ते आधी ठरवा. नंदुरबारकडे भिली, पावरी, मावची या आदिवासी बोलींची पुस्तकं असतात. ती खानदेशातली आहेत, अहिराणी नाहीत. ‘खा’ प्रदेशाचा की भाषेचा? प्रदेशाचा असेल तर केळी लागवडीचं ६३४.७७२ सुद्धा त्यात येईल आणि जळगावात ते कपाट आठवड्यात भरेल. भाषेचा असेल तर बहिणाबाई चौधरींची कविता कुठं? यावल-रावेरकडचे वाचक ती लेवा गणबोली म्हणतात, अहिराणीच्या कपाटात दिसली तर भांडायला येतील. आणि त्यांचं चुकत नाही.

गिरणाकाठ
भाषेचा. अहिराणीला ‘अहि’, लेवा गणबोलीला ‘लेवा’, पावरीला ‘पाव’. कपाट एकच, चिठ्ठ्या वेगळ्या. बहिणाबाईंच्या दोन प्रती घ्या, एक ‘लेवा ८९१.४६१’, दुसरी नुसती ८९१.४६१. एमएच्या मुलांना ती मराठी कवितेतच लागते.

कॅटलॉगकार
चिठ्ठी कोणाला लावायची याचा नियम कागदावर हवा, नाहीतर दर पुस्तकाला वाद. निवेदन मराठीत आणि संवाद अहिराणीत अशी कादंबरी मराठीच, कारण मुख्य भाषा निवेदनाची. डाव्या पानावर अहिराणी आणि उजव्या पानावर मराठी अर्थ असेल तर मूळ भाषा धरायची, म्हणजे अहिराणी. अहिराणीवर मराठीत लिहिलेला अभ्यासग्रंथ ‘अहि’ नाही. तो भाषेच्या विभागातच, बोलींच्या ४९१.४६७त. इथं मात्र तो ७ बरोबर.

ग्रंथांकही, म्हणजे एकाच क्रमांकाच्या पुस्तकांत लेखकावरून क्रम लावणारी अक्षरं, आताच ठरवा. आडनावाची पहिली अक्षरं घेतली तर खानदेशात अर्धं कपाट ‘पाटी’, उरलेलं ‘चौध’ आणि ‘महा’. आडनावाला नावाचं पहिलं अक्षर जोडा: पाटी-सु, पाटी-र. आणि चिठ्ठी सेलोटेपनं लावू नका. वैशाखात ४५ अंशांत गोंद सुटतो, जून उजाडेपर्यंत निम्मी पुस्तकं बिनक्रमांकाची. कागदी लेबल फेव्हिकॉलनं चिकटवा.

तापीथडी
नियम चांगले आहेत, पण वापरणारा कोण? आधीच मदतनीस ८९१.४६०९, म्हणजे मराठी साहित्याचा इतिहास, ८९१.४६१च्या पुढे लावतात, कारण ४६०९ मोठा दिसतो. दशांश एकेक अंक करून वाचायचा असतो, ० आधी, १ नंतर, हे पुन्हापुन्हा सांगावं लागतं. त्यात तीन उपसर्ग आणि दोन ठिकाणच्या प्रती. साठा पडताळणीला कोणती प्रत कुठं, हे कोण सांगणार?

दुसरी भीती मोठी. वेगळं कपाट बनलं की त्याला काच लागते, मग कुलूप, मग ‘फक्त संदर्भासाठी’ अशी पाटी. पुस्तक घरी जाणं बंद. मराठीच्या रांगेत निदान कोणाच्या तरी हाताला लागतं.

कॅटलॉगकार
पडताळणीला दाखल क्रमांक, म्हणजे नोंदवहीतला प्रत्येक प्रतीचा अनुक्रमांक, लागतो, उपसर्ग नाही. नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात ‘अहि’ लिहून ठेवलं की प्रत सापडते. कोहा ही वाचनालयाची संगणक प्रणाली वापरणाऱ्यांकडे प्रत्येक प्रतीला ‘शेल्फिंग लोकेशन’ आणि ‘कलेक्शन’ हे वेगळे रकाने आहेतच, वर्गांकाला हात लावायची गरज नाही.

गिरणाकाठ
कुलपावर उपाय सोपा आहे भो. कपाटच घेऊ नका. देवघेवीच्या टेबलाजवळ उघडा रॅक, दोन फळ्या. भरल्या की तिसरी.

तापीथडी
टेबलाजवळचा रॅक नव्या पुस्तकांचा असतो, तो कोण सोडणार? कार्यकारिणीच्या सभेत मांडून बघा.